केळीवाल्याला केळ्याचं कॉकटेल

पुण्या-मुंबईत शाखा असलेला एक पब जळगावात उघडला आणि पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मामा, आज पार्टी माझ्याकडून." आता जळगावात बसायची सोय नव्हती असं नाही. परमिट रूममध्ये कूलरचा वारा असतो, मागायच्या आत खारे शेंगदाणे येतात आणि शेवटी तर्रीवाली शेवभाजी. पण तिथे म्हणे 'व्हाइब' नाही. सोबत माझे साडूभाऊ होते. रावेरचे केळीवाले. मोबाईलवर बऱ्हाणपूरचा भाव बघितल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा घेत नाहीत.

आत काळोख, आणि गाणं एवढं मोठं की बरगड्या वाजाव्यात. "कोनाचं लगन आहे का इथी?" साडूभाऊंनी विचारलं. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या गड्याला हाक मारणारा तो आवाज. गाणं हरलं, चार टेबलांनी वळून पाहिलं. स्टुलं माणसासाठी की बगळ्यासाठी ते कळेना. धोतर सावरत साडूभाऊ वर चढले खरे, पण पाय अधांतरी.

मेनू कार्ड नव्हतंच. टेबलावरचा चौकोन मोबाईलने टिपायचा. तेवढ्यात वेटरने भाच्याचं आधार कार्ड मागितलं. भाचा तेवीसचा. आपल्या राज्यात बिअर 21 व्या वर्षी चालते, कडक दारूला मात्र 25 पूर्ण लागतात. पैसे देणाऱ्याला बिअर आणि फुकट्यांना मोकळं रान! हा कायदा ज्याने केला त्याला मामा-काकांची कणव असावी.

मी आपली व्हिस्की सांगितली. साडूभाऊंचं बोट मात्र एका ओळीवर अडलं: 'ट्रॉपिकल बनाना रम', साडेचारशे रुपये.

"साडेचारशे? भाव पडला का इतल्यात पुरा क्विंटल देतो मी!"

तरी मागवलंच. आपला माल शहरात जाऊन काय होतो, ही बापाची उत्सुकता. पिवळा ग्लास आला, वर कागदाची छत्री. एक घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला. "हे केयं नाही."

मॅनेजर आला. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालंय, हे साडूभाऊंनी त्याला उभ्या उभ्या ऐकवलं. तो बिचारा अदबीने म्हणाला, "सर, सगळ्या शाखांत एकच चव लागते. हेड ऑफिसकडून सिरप येतं." आणि बाटली दाखवली. तिच्यावर केळ्याचं चित्र होतं. केळं तेवढंच.

बिल आलं. दारूवर 10 टक्के व्हॅट (नोव्हेंबर 2023 आधी पाचच होता), खाण्यावर जीएसटी, आणि खाली गुपचूप 10 टक्के सर्व्हिस चार्ज. आपण होऊन तो लावता येत नाही, असं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 लाच बजावलंय. ते मी सांगितलं, चार्ज निघाला. भाचा लाजेने लाल. पुण्यात म्हणे असं कोणी बोलत नाही. म्हणूनच तिथे लावतात!

तोवर साडूभाऊ गायब. गाडीच्या डिकीतून आमच्या घरासाठी आणलेली केळीची फणी घेऊन ते परत आले आणि ती त्यांनी बारच्या काउंटरवर आपटली. "घ्या, अस्सल माल. करा आता कॉकटेल."

मॅनेजरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.