जेवणाला जेवू घालताना

पाल दिसली की खुर्चीवर चढणारा माणूस मी. म्हणजे आधी मी, मग बायको, आणि जवळ खुर्ची एकच असली तर त्यावरून भांडण. तरी आज आमच्या घरात दोन पाली आहेत, त्याही पाळलेल्या, त्याही मीच आणलेल्या. पाली म्हटलेलं लेकीला खपत नाही. "बाबा, ते लेपर्ड गेको आहेत." बरं बाई, गेको. अंगावर ठिपके, डोळ्यांना चक्क पापण्या, आणि पायाला चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळे भिंतीवर चढता येत नाही. हे शेवटचं ऐकलं आणि मी हो म्हणालो.

हो म्हणायला लावलं एका मित्राने. त्याच्याकडच्या जोडीची अंडी फुटली होती आणि पिल्लं कुणाच्या गळ्यात मारायची हा त्याचा प्रश्न होता, हे मला नंतर कळलं. "अरे एकदम लो मेन्टेनन्स. भुंकत नाहीत, फिरवायला न्यायला नको, चार किडे टाकले की झालं." तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, पण समोर दोन खऱ्या होत्या त्यामुळे तिच्याकडे लक्ष गेलं नाही.

नावं लेकीने ठेवली, चिंगी आणि ढब्बू. टाक्या दोन, कारण एकत्र ठेवले तर एक दुसऱ्याची वळवळणारी शेपटी अळी समजून धरतो म्हणे.

पहिले तीन दिवस दोघांनी अन्नाला तोंड लावलं नाही. मी रात्री दोनला टॉर्च घेऊन टाकीपाशी उकिडवा, बायको दारात उभी, "आपली पोरगी जेवायची नाही तेव्हा तू घोरत होतास." खरं होतं. सकाळी मित्राला फोन केला तर तो हसायलाच लागला, अरे पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत खातच नाहीत, अंड्यातल्या बलकावर तेवढे दिवस निघतात. हे आधी सांगायला काय झालं होतं? चौथ्या दिवशी चिंगी पांढरीफटक पडली, मग तिने अंगावरून कात ओढून काढली आणि शांतपणे खाऊन टाकली. आमच्या घरात कपडे काढून खुर्चीवर टाकायची पद्धत आहे, त्या मानाने हे फारच व्यवस्थित वाटलं.

मग भूक लागली. पिल्लांना रोज खायला लागतं, एकेकाला पाच-सहा रातकिडे, मोठे झाले की दोन-तीन दिवसांतून एकदा दिलं तरी भागतं. पण किडा केवढा असावा? तर गेकोच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढाच, त्याहून मोठा नको, नाहीतर घशात अडकतो किंवा पचत नाही. आता हाताच्या बोटाएवढ्या, सारखी मान फिरवणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांमधलं अंतर मोजा, मग तेवढाच रातकिडा निवडा, तोही उड्या मारणारा. मी पट्टी घेऊन बसलेलो बघून लेक म्हणाली, "बाबा अंदाजे घ्या ना." अंदाजेच घेतो आता.

खरा घोळ पुढे आहे. मला वाटायचं किडा आणला, टाकला, संपलं. तर तसं नाही. रातकिडा म्हणजे नुसती पिशवी, त्याच्या पोटात जे असेल तेच गेकोच्या पोटात जाणार. उपाशी रातकिडा खायला घातला म्हणजे रिकामा डबा खायला घातला. म्हणून द्यायच्या आधी दिवसभर तरी रातकिड्यांना नीट जेवू घालायचं. गाजर, रताळं, धान्याचा भरडा. काकडी नको, तिच्यात पाणीच पाणी. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून बसतं. वाटीत पाणी ठेवायचं नाही कारण त्यात ते बुडून मरतात, ओल गाजरातूनच मिळाली पाहिजे. राहायला अंड्यांचे रिकामे ट्रे, हवा खेळती हवी, डबा दमट झाला की पटापट मरतात आणि मग जो वास सुटतो त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. गर्दी झाली किंवा खायला कमी पडलं की एकमेकांना खातात. थोडक्यात, मी दोन गेको पाळायला गेलो आणि दोनशे रातकिडे पाळून बसलो. सकाळी उठल्या उठल्या त्यांचं गाजर किसतो. परवा लेक ताटातलं गाजर बाजूला काढत होती तेव्हा मी सहज बोलून गेलो, बघ, रातकिडे कसे सगळं खातात. त्यावर ती म्हणाली, "आणि मग त्यांचं काय होतं?" मी विषय बदलला.

बरं, पोटभर जेवलेला रातकिडाही तसाच चालत नाही. त्याच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदीच जेमतेम, गेकोला हवं बरोबर उलटं. कॅल्शियम कमी पडलं की वाढत्या पिल्लाची हाडं मऊ होतात, पाय वाकडे होतात, जबडा रबरासारखा होतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. म्हणून कॅल्शियमची पावडर, आणि आठवड्यातून एक-दोनदा व्हिटॅमिन डी-३ असलेली दुसरी, ती रोज नको कारण डी-३ जास्त झालं तरी त्रासच. डब्यांवर मी मार्करने 'रोजचं' आणि 'कधीतरी' असं लिहून ठेवलंय. बायको म्हणाली, "तुझ्या स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्या तीन महिने तशाच पडल्यात."

पावडर लावायची कशी, तर झाकणाच्या डब्यात चिमूटभर टाकायची, वर पाच रातकिडे, झाकण लावून हलक्या हाताने गोल फिरवायचं. उघडलं की पाच पांढरी भुतं मिशा झाडत बसलेली असतात. बसलेली असेपर्यंत टाकीत टाकायची, कारण भानावर आली की एक तरी माझ्या बाहीत जातं. मी अजूनही किंचाळतो. लेकीने आता हसणंही सोडलंय.

पण त्यानंतरचं एक मिनिट मात्र बघण्यासारखं. चिंगी बिळातून अर्धं तोंड बाहेर काढते, मान तिरकी करते, पोट जमिनीला लावून एकेक पाय उचलत पुढे सरकते, आणि मग शेपटीचं टोक, फक्त टोक, थरथरायला लागतं. रातकिडा आपल्या मिशा चाटतोय. खट्ट! एक पाय तोंडाबाहेर. ती दोनदा चावते, डोळे मिटते, आणि ओठांवरची पांढरी पावडर जिभेने पुसून घेते. दर वेळी मी श्वास धरून बघतो.

उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढायचे, कारण रात्री तेच झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात. पाच गेले, तीन खाल्ले, दोन परत. हिशोब जुळला नाही तर झोपायचं नाही. एकदा नाही जुळला, एक कमी. टाकी उलटीपालटी केली, मग मीच खाल्ला असेल म्हणून सोडून दिलं.

या सगळ्यात आई राहायला आली. तिचं म्हणणं, बाहेर एवढे किडे फुकट फिरतायत. समजावलं की बाहेरच्या किड्यांच्या अंगावर फवारणीचं विष असतं, पोटात जंत असतात, आणि काजवा तर एकच पुरतो पिल्लाचा जीव घ्यायला. "मग हे काय?" म्हणत तिने फ्रिजमधला डबा उघडला. मीलवर्म होते, म्हणजे गेकोंना घालायच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, थंडीत ठेवले की कोषात जात नाहीत, लवकर भुंगेरे होत नाहीत. ही सगळी माहिती मी तिला दिली, पण ती तोपर्यंत बाहेरच्या खोलीत होती.

आणि ढब्बू! याला मी एकदा लाडाने वॅक्सवर्म दिला, म्हणजे एका पतंगाची गुबगुबीत अळी. नुसती चरबी हो ती, कधीतरी एखादा द्यावा. झालं, दुसऱ्या दिवसापासून रातकिड्याकडे ढुंकून बघेना. रातकिडा त्याच्या डोक्यावर चढून बसला तरी हा हलेना, माझ्याकडे बघत बसला. चार दिवस मी धीर धरला, चार दिवस त्याने धरला. पाचव्या दिवशी बायको म्हणाली शेपटी जाड आहे ना, त्यात साठा असतो असं तूच सांगितलंस, मग मरत नाही तो. सहाव्या रात्री त्याने रातकिडा खाल्ला, पण आम्ही सगळे दिवा घालवून निघून गेल्यावर, कुणी बघत नाही असं बघून.

तो हिशोबात न लागलेला रातकिडा पण सापडला. म्हणजे ऐकू आला. महिना-दीड महिन्याने एका रात्री फ्रिजच्या मागून किर्रर्र सुरू झालं. हरवला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा होता, आता पंख फुटलेला नर झालाय. फ्रिज सरकवला की गप्प, परत लावला की चालू. बायको म्हणते पकड त्याला. पण तो आता एवढा मोठा झालाय की चिंगीच्या मापात बसत नाही, ढब्बूच्या तर नाहीच. रोज रात्री साडेदहाला तो सुरू होतो आणि दोन्ही टाक्यांत दोन माना एकदमच फ्रिजकडे वळतात. काल मी हळूच गाजराचा एक तुकडा तिकडे सरकवून ठेवला.