बोअरच्या पाण्यावर स्टोनी कोरल? चुना लावून घेऊ नका

सोलापूरच्या ॲक्वेरियमवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: आपल्या बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर, स्टोनी कोरल (दगडासारखं कठीण प्रवाळ) आपला सांगाडा कॅल्शियमचाच बांधतं, मग आरओचा खर्च कशाला? बोअरच्या पाण्यात खडेमीठ घाला, कमी पडलं तर पानाचा चुना टाका, टँक खिडकीत ठेवा, कोरल कोकणातून आणा आणि नळाच्या पुट्टीनं चिकटवा. फेविक्विक मात्र नको, ते विष.

यातली एक सूचना अर्धी खरी आहे. बाकीच्यांनी टँक मरेल, आणि एकीपायी खटला होईल.

‘बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर’

सगळा मेसेज यावरच उभा आहे, म्हणून हिशेब नीट करू. बोअरचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापानं लिटरला ६०० मिलिग्रॅम धरा. म्हणजे बादलीला पांढरा थर आणि डाळ शिजता शिजत नाही. याच मापानं समुद्राच्या पाण्याचा जडपणा सहा हजारांच्या वर जातो, कारण त्यात लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. बोअर त्याच्या दशांशसुद्धा नाही. शिवाय रीफ सॉल्टमध्ये (कोरल टँकसाठीच्या तयार समुद्री मिठात) हे दोन्ही आधीच मोजून घातलेलं असतं.

बोअर त्यात भर घालतो ती अल्कलिनिटीची, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटची. ती त्याच मापानं ३०० मिलिग्रॅम असेल तर जवळपास १७ डीकेएच (रीफवाल्यांचं अल्कलिनिटीचं एकक) झाली. सॉल्टची ८ मिळवा, २५ झाली. कोरलला हवी ७ ते ९. एवढ्या अल्कलिनिटीत कॅल्शियम विरघळून राहत नाही, कार्बोनेट होऊन तळाला बसतं. सॉल्ट घातल्यावर बादली पातळ ताकासारखी दिसते, आणि चार दिवसांनी हीटरवर हात फिरवला तर खरखरीत कवच लागतं. ज्या कॅल्शियमसाठी हा खटाटोप, तेच पाण्यातून निघून हीटरवर बसलेलं असतं.

त्याहून मोठा घात रोजच्या भरीच्या पाण्यात आहे. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा लावलेल्या १०० लिटरच्या टँकमधून दिवसाला दोन लिटर पाणी उडू शकतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरमध्ये नायट्रेट ४० मिलिग्रॅम असेल तर ते प्यायला चालतं, मर्यादा ४५ आहे. पण महिन्याला असं ६० लिटर पाणी टँकमध्ये गेलं, की लिटरमागे २४ मिलिग्रॅम नायट्रेट वाढलं. कोरलला एकूण १० च्या आत बरं. बेसॉल्टमधून येणारं सिलिकाही साचतं आणि काचेवर तपकिरी थर धरतो.

तेव्हा आरओ आणि त्यामागे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारं), टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या मापावर, शून्य. स्वयंपाकघरातला आरओ वापरायचा तर त्याचा टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करा, कारण तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मिनरल कार्ट्रिजही काढा. नळ काही दिवसांआड येत असेल तर तयार पाण्याचा झाकणाचा ड्रम भरलेला असू द्या.

‘खडेमीठ चालतं’

चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड आहे. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम रीफ सॉल्ट, पंप लावून रात्रभर ढवळलेलं, क्षारता ३५ (हजार भागांत ३५).

‘पानाचा चुना टाका’

हीच ती अर्धी खरी गोष्ट. कोरल सांगाड्यासाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात उचलतं, त्याच प्रमाणात चुना दोन्ही देतो. रीफवाले चुन्याची निवळी वापरतातच. पण पानाच्या डबीतला नव्हे. फूड ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड, लिटरला दीड ग्रॅम, डीआय पाण्यात. झाकून ठेवा, गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी रात्री थेंबथेंब सोडा, तेही उडालेल्या पाण्याइतकंच. निवळीचा पीएच १२ च्या पुढे असतो. पेलाभर एकदम ओतली तर टँकचा पीएच उसळतो आणि पुन्हा तेच ताक. बोअरच्या पाण्यावर तर ही आगीत तेल ओतल्यासारखी.

‘खिडकीतलं ऊन फुकट’

कोरलला २५ ते २७ अंश मानवतं. पाणी ३० च्या वर काही दिवस राहिलं की कोरलच्या आत राहणारं शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरं होतं. मे महिन्यात खिडकीत दुसरं काय होणार? एलईडी लावा, वर क्लिप-फॅन ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत फॅननं दोन-चार अंश उतरतात; पावसाळी दमट दिवसांत मात्र तो फारसा कामाचा नाही. ॲक्रोपोरा (फांद्यांचं, नाजूक स्टोनी कोरल) पाळायचं असेल तर चिलर किंवा खोलीला एसी धरूनच चला. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअरपंप इथे चैनीत मोडत नाही.

‘कोकणातून आणा’

भारतीय समुद्रातली सगळी स्टोनी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असो वा वाळलेला तुकडा, काढणं, विकणं आणि बाळगणं गुन्हाच. परदेशी कोरल घेताना सायटिसचे (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराचे) आयातीचे कागद विक्रेत्याकडून मागून घ्या. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

‘फेविक्विक विष, पुट्टी बरी’

उलटं आहे. फेविक्विकमधलं सायनोॲक्रिलेट पाणी लागताच घट्ट होतं आणि मग निरुपद्रवी असतं. अडचण पातळपणाची आहे: ते ओघळून पॉलिपवर, म्हणजे कोरलच्या इवल्या जिवांवर, पांढरा पापुद्रा धरतं. म्हणून जेल घ्या. नळाच्या पुट्टीत काय मिसळलंय ते पाकिटावर कळत नाही. ॲक्वेरियमसाठीची दोन भागांची इपॉक्सी पुट्टी वापरा.

पुट्टी आकार भरते, धरून ठेवतो तो ग्लू. फ्रॅगचं (कोरलच्या लहान तुकड्याचं) बूड टिश्यूनं टिपा, त्यावर वाटाण्याएवढा जेल, त्यावर मळलेल्या पुट्टीची गोळी, गोळीच्या खाली पुन्हा जेल. पाण्यात नेताच जेलवर कातडी धरते. नुसतं टेकवलं तर ती चिकटत नाही आणि सकाळी फ्रॅग वाळूत पडलेलं सापडतं. खडकाची जागा आधी ब्रशनं घासा, मग दाबताना अर्धा वळसा द्या म्हणजे कातडी फाटून आतला ओला ग्लू खडकाला लागेल. मिनिटभर धरा. तासभर वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) त्या बाजूनं बंद ठेवा. पुट्टीनं स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) त्या दिवशी फेस उतू घालू शकतो, त्याचा कप रिकामा ठेवा.