चार आकडे लाल झाले म्हणून ऑर्डर रद्द करायची?

गेली काही वर्षं एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरतो आहे. व्यावसायिकांच्या ग्रुपवर तर तो हमखास येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मंदी अचानक येत नाही, ती सहा महिने आधी आकड्यांत दिसते. अमेरिकेचा लीडिंग इंडेक्स (अर्थव्यवस्था पुढे कुठे जाईल याचा अंदाज देणारा निर्देशांक) सलग तीन महिने घसरला, बाँडचा यील्ड कर्व (कमी आणि लांब मुदतीच्या व्याजदरांचा आलेख) उलटला, पीएमआय (खरेदी व्यवस्थापकांच्या पाहणीतून निघणारा निर्देशांक) ५०च्या खाली गेला, शेअर बाजार आपटला, की मंदी आलीच समजा. पाचवा आकडा रोजगाराचा. तो चांगला असेल तोवर निर्धास्त राहा. आणि चार आकडे लाल झाले की नवी गुंतवणूक थांबवा, माल उचलू नका, रोकड हातात ठेवा.

मी लहान उत्पादकांचे हिशेब आणि खर्चाचं नियोजन बघते. २०२२च्या अखेरीस माझ्या एका ग्राहकाने असाच मजकूर वाचून दोन यंत्रांची ऑर्डर रद्द केली, दिलेली आगाऊ रक्कम सोडून दिली. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे काम आलं, पण करायला यंत्रं नव्हती. निम्मं काम बाहेरून करून घ्यावं लागलं आणि नफा तिथेच गेला. म्हणून हा मजकूर मी हसून सोडून देऊ शकत नाही. त्यातला एकेक दावा घेते.

सलग तीन महिन्यांची घसरण म्हणजे मंदी, हा पहिला. हा इंडेक्स अमेरिकेतली कॉन्फरन्स बोर्ड ही संस्था काढते. त्यात दहा घटक आहेत: कारखान्यांतले आठवड्याचे सरासरी कामाचे तास, बेकारभत्त्यासाठी आलेले नवे अर्ज, नव्या ऑर्डरींचे तीन वेगवेगळे आकडे, घरबांधणीचे परवाने, शेअर बाजार, कर्जबाजाराची स्थिती, व्याजदरांतला फरक आणि ग्राहकांच्या अपेक्षा. २०२२च्या वसंत ऋतूपासून हा इंडेक्स जवळजवळ दोन वर्षं घसरत राहिला. तीन महिने सोडा, दोन वर्षं! खुद्द संस्थेनेही मंदीचं भाकीत केलं होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये तिने सांगितलं की इंडेक्स आता मंदीचा इशारा देत नाही. मधल्या २०२३ सालात अमेरिकेची अर्थव्यवस्था अडीच टक्क्यांहून अधिक वाढली होती.

मग इंडेक्स खोटं बोलला का? नाही. दहा घटकांची यादी पुन्हा वाचा. कारखाने, ऑर्डरी, बांधकाम आणि पैशाचा बाजार यांनीच ती भरली आहे. सेवाक्षेत्र थेट असं जवळपास नाहीच. महामारीच्या काळात लोकांनी वस्तूंवर भरमसाट खर्च केला आणि नंतर तोच पैसा प्रवास, हॉटेलं, करमणूक अशा सेवांकडे वळला. कारखान्यांकडचं काम खरोखरच रोडावलं होतं आणि इंडेक्सने ते इमानदारीने सांगितलं. आपण मात्र ते सगळ्या अर्थव्यवस्थेला लावलं. शिवाय ही संस्था स्वतः घसरण किती खोल आहे, किती काळ चालली आहे आणि दहापैकी किती घटकांत पसरली आहे, हे तिन्ही बघते. तीन महिने ०.१ टक्क्याने घसरणं आणि तीन महिने एक-एक टक्क्याने घसरणं, ‘सलग तीन’च्या नियमात दोन्ही सारखंच.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इंडेक्स पहिल्यांदा जाहीर होतो तेव्हा काही घटकांचे खरे आकडे आलेलेच नसतात, तिथे अंदाज घातलेला असतो. नंतर आकडे सुधारले जातात. ‘सलग तिसरी घसरण’ म्हणून ज्यावर निर्णय घेतला, ती पुढच्या महिन्यात घसरण उरेलच असं नाही.

यील्ड कर्व हा या सगळ्यांतला सर्वात भक्कम संकेत आहे, हे आधी मान्य करते. दहा वर्षांसाठी दिलेल्या पैशावर दोन वर्षांच्या पैशापेक्षा जास्त व्याज मिळायला हवं, हा नेहमीचा क्रम. मध्यवर्ती बँक आजचे दर चढवते आणि बाजाराला पुढे दर उतरतील असं वाटतं, तेव्हा हा क्रम उलटतो. अर्थतज्ज्ञ कॅम्पबेल हार्वे यांनी १९८६च्या आपल्या प्रबंधात याचा मंदीशी असलेला संबंध मांडला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या अमेरिकी मंद्यांआधी हा कर्व उलटलेला दिसतो.

पण मजकुरातले ‘सहा महिने’ कुठून आले? २००६च्या सुरुवातीला कर्व उलटला आणि मंदी सुरू झाली डिसेंबर २००७मध्ये. म्हणजे पावणेदोन-दोन वर्षांनी. ऑगस्ट २०१९मध्ये तो थोडा काळ उलटला आणि फेब्रुवारी २०२०नंतर मंदी आली खरी, पण ती विषाणूने आणली आणि त्या विषाणूची खबर बाँडबाजाराला असणं शक्यच नव्हतं. १९६६मध्ये तो उलटला, वाढ मंदावली, मंदी मात्र आली नाही. आणि जुलै २०२२पासून दहा आणि दोन वर्षांच्या दरांतला फरक दोन वर्षांहून जास्त काळ उलटाच होता, तरीही त्या काळात मंदी आली नाही.

यामागचं एक कारण व्यवसायाच्या दृष्टीने शिकण्यासारखं आहे. व्याजदर वाढले की त्रास होतो तो नवं कर्ज घेणाऱ्याला किंवा ज्याचा दर बदलता आहे त्याला. अमेरिकेत असंख्य कुटुंबांनी आणि मोठ्या कंपन्यांनी २०२०-२१च्या स्वस्ताईत लांब मुदतीचं, ठरलेल्या दराचं कर्ज घेऊन ठेवलं होतं. दर चढले, पण त्यांचा हप्ता हलला नाही. त्यामुळे कर्व उलटला अशी बातमी आली की मी ग्राहकाला एकच प्रश्न विचारते: तुमच्याकडून माल घेणाऱ्यांचं कर्ज ठरलेल्या दराचं आहे की बदलत्या? आणि ते कधी नव्याने घ्यावं लागणार आहे? तुमच्या धंद्यापुरतं उत्तर बाँडच्या आलेखापेक्षा तिथे लवकर सापडतं.

आता पीएमआय. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण सर्वात जास्त गैरसमज याच आकड्याभोवती आहेत. खरेदी विभागाच्या व्यवस्थापकांना विचारतात: गेल्या महिन्यापेक्षा सुधारलं, तसंच राहिलं की बिघडलं? सुधारलं म्हणणाऱ्यांची टक्केवारी घ्यायची, त्यात ‘तसंच’ म्हणणाऱ्यांची निम्मी मिळवायची. वीस टक्के सुधारलं म्हणाले, साठ टक्के तसंच, वीस टक्के बिघडलं, तर आकडा येतो ५०. म्हणजे किती जणांचं बिघडलं हे कळतं. किती बिघडलं हे यातून कळतच नाही. ४८ आला याचा अर्थ उत्पादन दोन टक्क्यांनी घटलं असा लावणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता आतली मोडणी बघा. अमेरिकेतल्या आयएसएम या संस्थेच्या कारखानदारीच्या पीएमआयमध्ये पाच घटकांना सारखं वजन आहे: नव्या ऑर्डरी, उत्पादन, रोजगार, पुरवठादारांकडून माल येण्याचा वेग आणि मालसाठा. यातल्या चौथ्या घटकाची गंमत अशी की माल उशिरा यायला लागला तर आकडा वर जातो. कारण साध्या दिवसांत पुरवठादाराला उशीर होतो तो त्याच्याकडे काम जास्त असल्यामुळे. एप्रिल २०२०मध्ये नव्या ऑर्डरी २७.१वर होत्या, उत्पादन आणि रोजगार दोन्ही २७.५वर. मालसाठा ४९.७. आणि पुरवठ्याचा घटक? ७६! टाळेबंदीमुळे माल अडकला होता आणि सूत्राने ती तेजी धरली. पाचांची सरासरी आली ४१.५. वरचा एकच आकडा वाचणाऱ्याला वाटलं असेल की पडझड आहे, पण फार भयंकर नाही. आतली ओळ वाचणाऱ्याला कळलं की ऑर्डरी कोसळल्या आहेत.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. हाच पीएमआय नोव्हेंबर २०२२पासून सलग सोळा महिने ५०च्या खाली होता आणि त्या काळात अर्थव्यवस्था वाढतच होती. ५० ही सीमा कारखानदारीची आहे. एकूण अर्थव्यवस्था आकसायला हा आकडा त्याहून बराच खाली जावा लागतो, हे संस्था स्वतःच्या अहवालात लिहिते. त्या अहवालातून मी आधी दोन ओळी बघते, नव्या ऑर्डरी आणि ग्राहकांकडचा मालसाठा. ऑर्डरी कमी आणि ग्राहकाचं गोदाम भरलेलं, तर पुढचे काही महिने ओढाताणीचे. ऑर्डरी कमी पण गोदामंही रिकामी होत चालली असतील, तर थोडं थांबायला हरकत नाही, कारण माल संपला की त्यांना तो घ्यावाच लागणार.

शेअर बाजाराबद्दल फार बोलत नाही. १९ ऑक्टोबर १९८७ या एका दिवसात डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर निर्देशांक २२.६ टक्के कोसळला. अमेरिकेतली त्यानंतरची मंदी जुलै १९९०नंतर आली. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६६मध्येच टोमणा मारून ठेवला होता की वॉल स्ट्रीटने, म्हणजे अमेरिकी शेअर बाजाराने, मागच्या पाचपैकी नऊ मंद्या ओळखल्या. म्हणजे चार वेळा इशारा खोटा ठरला.

रोजगार चांगला तोवर निर्धास्त राहा, हा सगळ्या मजकुरातला सर्वात घातक भाग. बेकारीचा दर मागून येणारा आकडा आहे. कारखान्याच्या आत उभं राहून बघितलं की कारण लगेच कळतं. काम कमी झालं की मालक आधी ओव्हरटाइम बंद करतो. मग एक पाळी कमी होते. मग कंत्राटी माणसं जातात, नवी भरती थांबते. दोन वर्षं घालून तयार केलेल्या कारागिराला हात लावायची वेळ सर्वात शेवटी येते, कारण तो गेला की परत मिळत नाही. म्हणून कामाचे तास पुढे धावणाऱ्या निर्देशकांत आहेत आणि बेकारीचा दर मागून येणाऱ्यांत. डिसेंबर २००७मध्ये, म्हणजे ऐन मंदीच्या तोंडाशी, अमेरिकेतला बेकारीचा दर ५ टक्के होता. तो १० टक्क्यांवर पोहोचला ऑक्टोबर २००९मध्ये, मंदी संपून चार महिने झाल्यावर. ज्यांनी या आकड्यावर विसंबून धंदा चालवला ते उतार सुरू होताना बेसावध राहिले आणि उतार संपल्यावर घाबरले.

‘सगळं थांबवा’ या सल्ल्यातली चूक समजायला या निर्देशकांचा जन्म बघावा लागतो. १९३७मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था पुन्हा घसरली, तेव्हा अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संशोधन संस्थेकडे विचारणा केली. तिथल्या वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी शेकडो आकडेमालिका तपासून १९३८मध्ये यादी दिली. त्यांना शोधायचं होतं ते हे की उभारी कधी सुरू होते. ही पद्धत जन्मली ती वर जाण्याची वेळ ओळखण्यासाठी! फिरणाऱ्या मजकुरात आकडे लाल झाले की काय करायचं ते आहे, हिरवे व्हायला लागले की काय करायचं याबद्दल एक शब्द नाही. थांबलेला माणूस मग थांबूनच राहतो.

निर्देशक बघूच नका, असं मी म्हणत नाही. त्या ग्राहकाबरोबर मी आजही दर महिन्याला बसते. आधी त्यांचं स्वतःचं रजिस्टर उघडतो: या महिन्यात किती चौकश्या आल्या, किती कोटेशनांच्या ऑर्डरी झाल्या, ठरलेली डिलिव्हरी किती जणांनी पुढे ढकलली, येणी किती दिवसांनी वसूल होत आहेत. मग बाहेरचे आकडे. दोन्ही एकाच दिशेला बोलत असतील तर जे पुन्हा सुरू करता येईल तेच आधी कमी करतो: ओव्हरटाइम, कच्च्या मालाचा जादा साठा, जाहिरात. यंत्राची ऑर्डर रद्द करण्याआधी विक्रेत्याला विचारतो की डिलिव्हरी तीन महिने पुढे नेता येईल का. बहुतेक विक्रेते हो म्हणतात. २०२२मध्ये हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.