‘मग ब्राउझर वापरा ना!’ : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार,

तुम्ही नावाच्या जागी नुसतं ‘जुना लिनक्सवाला’ लिहिलंय, तेव्हा मीही नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. उत्तर खाली चार ओळींत द्यायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता ते वाढत गेलं.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मी म्हटलं होतं की हिशेब, भाषांतर, फोटो, छपाई ही माझी सगळी कामं लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत, खुली प्रणाली) मजेत होतात. फक्त कुणाशी बोलायची वेळ आली की हात आपोआप फोनकडे जातो. त्यावर तुम्ही लिहिलंत की कंपन्यांचं पाप मी लिनक्सच्या माथी मारते आहे, वेलँडवर (लिनक्समध्ये पडद्यावरचं चित्र सांभाळणारी नवी यंत्रणा) खापर फोडणं हे अज्ञान आहे, अशा लेखांनी नवीन माणूस बिचकतो, आणि ब्राउझर आहे, जित्सीसारखी खुली व्हिडिओ मीटिंगची सोय आहे, मग रडायचं कशाला? वर ‘जमत नसेल तर खिडक्या उघड्या आहेतच’ अशी विंडोजवरची कोटी. कोटी आवडली, खोटं कशाला बोलू!

आधी माझं जिथे चुकलं ते. वेलँडबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि माझं वाक्य आळशी होतं. झालं होतं ते असं. एका ग्राहकाबरोबर मीटिंग होती, पलीकडे सातआठ माणसं. त्यांनीच ठरवलेलं ॲप होतं (नाव घेत नाही), ते मी लिनक्सवर रीतसर बसवून घेतलं होतं. आवाज नीट, चेहरा नीट. ‘स्क्रीन शेअर’ दाबलं आणि तक्ता समजावायला लागले. दोनतीन मिनिटं मी एकटीच बोलतेय. मग पलीकडून एकजण हळूच म्हणाला, ‘मॅडम, आम्हाला काळं दिसतंय. फक्त बाण फिरतोय.’ काळ्या पडद्यावर माझा माऊसचा बाण इकडून तिकडे भटकत होता आणि मी म्हणत होते, ‘हा आकडा बघा, हा वाढलाय.’ शेवटी फोनवरून त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्यांदा शिरले, फोन साखरेच्या डब्याला टेकवून लॅपटॉपच्या पडद्यासमोर उभा केला आणि तक्ता दाखवला. घरातून कुकरच्या शिट्ट्या दोनदा गेल्या, कारण माईक आता फोनचा होता.

त्या रागात मी ‘वेलँडमुळे स्क्रीन शेअर होत नाही’ असं लिहून टाकलं. खरं कारण तुम्ही म्हणता तेच. वेलँडच्या आधीचं, १९८७पासून चालत आलेलं एक्स-११ म्हणजे जुना वाडा. दारं सताड उघडी, कुठलाही प्रोग्राम कुठल्याही खोलीत डोकावून काय चाललंय ते बघू शकतो. स्क्रीन शेअर करणाऱ्या ॲपांची त्यात चंगळ होती, पण तुमचा पासवर्ड बघू पाहणाऱ्याचीही होती. वेलँडने प्रत्येकाला लॅचचं दार दिलं. आता ॲपला पडदा हवा असेल तर पोर्टल नावाच्या दरबानाकडे मागावा लागतो. पोर्टल मला विचारतं, ‘कुठली खिडकी दाखवू?’, मी हो म्हटलं की पाइपवायर (आवाज आणि चित्र वाहून नेणारा प्रोग्राम) ते चित्र पोचवतं. म्हणजे वाट आहे. माझं ते ॲप अजून वाडा आहे असं समजून थेट आत घुसू बघत होतं, म्हणून त्याच्या पदरी अंधार आणि एक बाण.

आणि हे एकट्या त्या ॲपचं नाही. झूमने पूर्वी ग्नोमवर (लिनक्सचा एक डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंची मांडणी) स्क्रीन शेअर करायला पोर्टलची वाट न धरता ग्नोमच्या स्वतःच्या स्क्रीनशॉटच्या सोयीचा वापर केला होता. म्हणजे पुढचं दार सोडून मोरीच्या खिडकीतून ये-जा. २०२१मध्ये ग्नोम ४१ने सुरक्षेसाठी ती खिडकी बंद केली आणि एका अपग्रेडनंतर लोकांचं स्क्रीन शेअरिंग गेलं. शिव्या मात्र खाल्ल्या ग्नोमने. तेव्हा वेलँडची माफी मागते. मूळ लेखात ते वाक्य दुरुस्त केलंय.

पण तुमचं म्हणणं मान्य करूनही माझा प्रश्न जिथल्या तिथे आहे. दोष कुणाचा हे एक आणि काम कुणाचं अडलं हे दुसरं. त्या सातआठ जणांना मी पोर्टल आणि पाइपवायर समजावत बसणार होते का? त्यांच्या लेखी एवढंच घडलं की मॅडमचा कॉम्प्युटर चालत नाही.

आता ब्राउझर. मीटिंगांसाठी मीही हल्ली ब्राउझरच वापरते आणि बहुतेक वेळा भागतं. पण तुम्ही ते असं सांगताय जणू ती आपण केलेली निवड आहे. आठवून बघा. २०१९च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने टीम्स लिनक्सवर आणलं. त्यांच्या ऑफिसच्या पसाऱ्यातलं लिनक्सवर आलेलं ते पहिलंच ॲप. आपल्या लोकांनी केवढा आनंद केला होता! तीन वर्षांत, २०२२च्या डिसेंबरात, ते मागे घेतलं आणि सांगितलं की ब्राउझरमधून वापरा. स्काइपचीही तीच रड. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, पुढे लिनक्सची आवृत्ती वर्षानुवर्षं रेंगाळली, २०१६मध्ये नवीन आली तीही ‘अल्फा’ म्हणून. अखेर ५ मे २०२५ला स्काइप सगळ्यांसाठीच बंद झालं. निदान मरताना तरी समानता पाळली. ब्राउझर ही आपल्याला मिळालेली ओसरी आहे. ओसरीवर बसायला माझी ना नाही, पण घरात घेतलं असं मी म्हणणार नाही.

शिवाय ओसरीवर सगळं मिळतही नाही. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये आलं २०१५च्या जानेवारीत. कॉल करायची सोय २०२१मध्ये डेस्कटॉपवर आली ती विंडोज आणि मॅकच्या ॲपांत. लिनक्ससाठी त्यांचं स्वतःचं ॲप नाही, आणि ब्राउझरमधल्या व्हॉट्सॲपवर त्यानंतरही वर्षानुवर्षं कॉलचं बटणच नव्हतं. कुणी ‘लिनक्ससाठी व्हॉट्सॲप’ म्हणून काही सुचवलं तर उघडून बघा. आत बहुधा तीच वेबसाइट असते, चौकट तेवढी वेगळी.

तर जित्सी. आवडतं मला. बोलावलेल्यांना खातं काढायला नको, लिंक दिली की झालं, आणि हवं तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवा. पण अहो, कुठलं ॲप वापरायचं हे मी ठरवतच नाही, हे तुम्ही लक्षात घेत नाही. वर्ड नको म्हणून लिबरऑफिस घेतलं तर तो माझा एकटीचा निर्णय, कुणाला पत्ताही लागत नाही. बोलायला मात्र दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस कुठे बसलंय यावर सगळं. माझी आई गावी असते. तिला फोनवर एक हिरवं चित्र ठाऊक आहे. एकदा मी हौसेने तिला एका मुक्त प्रणालीची लिंक पाठवली. दोन मिनिटांत तिचा साधा फोन आला, ‘अगं, ते काहीतरी उतरवून घ्या म्हणतंय, दाबू का? पैसे नाही ना जाणार?’ बँकेच्या नावाने येणाऱ्या लिंका दाबायच्या नाहीत, हे तिला मीच वर्षभर घोकून पाठ करून घेतलं होतं. तेव्हा ती घाबरली यात तिचं काहीच चुकलं नाही. त्या दिवसापासून आईचा व्हिडिओ कॉल म्हणजे फोन, आणि लॅपटॉप मिटून बाजूला.

तुम्ही म्हणता, वीस वर्षं लिनक्स वापरताय. मग तुम्हाला पिजिन हे गप्पांचं ॲप आठवतच असणार. २००७पर्यंत त्याचं नाव गेम (Gaim) होतं. जांभळा पक्षी. एका खिडकीत याहू, गूगल टॉक, काही काळ फेसबुकसुद्धा. माझी बहीण परदेशी विंडोजवर, मी इकडे उबुंटू लिनक्सवर, आणि दोघींना एकमेकींच्या कॉम्प्युटरवर काय आहे हे विचारायची गरजही पडली नाही. कारण गूगल टॉक एक्सएमपीपी या खुल्या नियमावर चालायचं. २००६पासून तर दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलता यायचं, ईमेलसारखं. मग २०१३मध्ये गूगलचंच हँगआउट्स आलं आणि तो मोकळेपणा गेला. फेसबुकने आपलं दार २०१५मध्ये लावून घेतलं. याहू मेसेंजर २०१८ला मिटलं. म्हणजे २००८ सालच्या माझ्या जुन्या डब्यावर जे सहज व्हायचं, ते आज चौपट मेमरीच्या लॅपटॉपवर होत नाही. आज बहुतेक ॲपं इलेक्ट्रॉनच्या (वेबसाइटचं ॲप करून देणारी चौकट) नावाखाली स्वतःचं क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) बरोबर घेऊन येतात. तीन ॲपं उघडली की तीन ब्राउझर चालू, आणि तरी एकाचा निरोप दुसऱ्याला जात नाही. टेलिग्राम हा सन्माननीय अपवाद. ते ब्राउझरवर नाही, क्यूटी या साधनसंचावर बांधलंय, लिनक्सवर हलकं चालतं आणि त्यातून कॉलही होतो. अडचण एवढीच की माझ्या नात्यात टेलिग्रामवर फक्त दोन भाचे आहेत आणि ते फोन उचलत नाहीत.

मला वाईट वाटतं ते हा मोकळेपणा गेल्याचं, लिनक्सचं नव्हे. मूळ लेखात ते नीट उतरलं नाही हे खरं.

ब्लूटूथ हेडफोनबद्दलची माझी तक्रार तुम्ही एका ओळीत उडवून लावलीत, पण तिथे वाचकांच्या उपयोगाचं आहे म्हणून थांबते. गाणं सुरेख ऐकू येतं आणि कॉल लागला की पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो, हा अनुभव अनेकांना असेल. हेडफोनचा माईक सुरू झाला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून संभाषणाची धरतं, आणि तिथे जुना कोडेक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) असला तर आवाज ८ किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे घोगरा. एमएसबीसी हा नवा कोडेक असेल तर १६, म्हणजे बराच स्पष्ट. पल्सऑडिओ या लिनक्सच्या आवाजाच्या जुन्या यंत्रणेत एमएसबीसी यायला २०२१ उजाडलं. पाइपवायर असलेल्या नव्या डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांवर) परिस्थिती बरी आहे. तरीही त्रास होत असेल तर माझा गावठी उपाय: कान हेडफोनचे, माईक लॅपटॉपचा. सेटिंग्जमध्ये इनपुटला लॅपटॉपचा माईक निवडा आणि हेडफोनचं प्रोफाइल ए-टू-डी-पीवरच, म्हणजे गाण्याच्या वाटेवरच ठेवा. पंखा तेवढा बंद करा.

कॅमेऱ्याचं मला फारसं दुःख नाही, कारण माझा लॅपटॉप जुना आहे. यूएसबीचा साधा कॅमेरा लावला की चालतो. नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनी मात्र आत इंटेलच्या आयपीयू-६ चिपवर चालणारा कॅमेरा आहे का, हे आधी बघून घ्यावं; त्याने बऱ्याच जणांना रडवलंय.

नवीन माणूस बिचकतो म्हणालात. शेजारच्या वहिनींच्या मुलाला मी लिनक्स बसवून दिलं तेव्हा यातलं काहीच सांगितलं नव्हतं. छान छान तेवढं दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्याचा ऑनलाइन क्लास अडकला, चौथ्या दिवशी विंडोज परत आलं, आणि आता वहिनी माझ्याकडे पेनड्राइव्हसुद्धा देत नाहीत. आधीच सांगितलं असतं की क्लासच्या दिवशी अमुक ब्राउझर उघड आणि फोन चार्ज करून ठेव, तर पोरगं टिकलं असतं असं मला वाटतं.

एका गोष्टीवर तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि मला तीच सगळ्यात जास्त टोचते. मराठी टाइप करणं. इलेक्ट्रॉनचं ॲप जुन्या पद्धतीने, एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स-११ची ॲपं चालवणारी सोय) चालवलं तर आयबसमधून (मराठी टाइप करून देणारा प्रोग्राम) मराठी उमटतं, पण पडद्यावरचं सगळं सव्वापट किंवा दीडपट मोठं केलं असेल तर सगळी अक्षरं ओल्या कागदावर लिहिल्यासारखी फुटतात. तेच ॲप थेट वेलँडवर चालवलं तर अक्षरं स्वच्छ, पण माझ्याकडे आयबस मुकं होतं. मग कुठल्याशा फ्लॅगचा (ॲप सुरू करताना द्यायच्या जादा सूचनेचा) शोध, तो डेस्कटॉप फाइलमध्ये (ॲपच्या आयकॉनमागच्या फाइलमध्ये) घालणं, आणि अपडेट आलं की फाइल पुसली जाऊन पुन्हा पहिल्यापासून. सध्या मी निरोप आधी टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिते आणि तिकडे नेऊन चिकटवते. हे उत्तरही तसंच लिहिलंय.

तुमच्या वीस वर्षांच्या पोतडीत यावर अपडेटनंतरही टिकणारा उपाय असेल तर खाली जरूर लिहा. माझ्याकडे फेडोरा लिनक्स, ग्नोम, पडदा सव्वापट, आणि एम-१७-एन या अनेक भाषांच्या संचातला फोनेटिक कीबोर्ड. आणखी काही माहिती लागली तर विचारा.