फॉन्ट मथळ्यावरून निवडू नका

मासिकाच्या मजकुरासाठी सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोटे फाटे असलेला इंग्रजी फॉन्ट निवडताना बहुतेक जण स्क्रीनवर मोठ्या मापात नमुने बघतात. मीही एकदा असाच बोडोनी निवडला होता. मथळ्यात तो देखणा दिसत होता. ९ पॉइंटात दीर्घ लेख छापून आला तेव्हा उभे दांडे तेवढे काळेभोर उठले होते आणि बारीक रेघा विरून गेल्या होत्या. लेखकाने खपून लिहिलेला मजकूर वाचताना डोळे दुखत होते. ती चूक माझी होती, आणि अजून सलते.

बोडोनी वाईट नाही. छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कोरत. लहान मापात रेघा जाड ठेवत, अक्षरं थोडी मोकळी ठेवत. डिजिटल फॉन्टमध्ये बहुधा एकच आराखडा लहानमोठा होतो. म्हणूनच आयटीसी या फॉन्ट कंपनीच्या १९९४च्या आयटीसी बोडोनीत ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी वेगवेगळे आराखडे दिले आहेत. असे मापानुसार काढलेले फॉन्ट असतील तर माझी पहिली पसंती त्यांना.

नावावरही जाऊ नका. ऑफिससोबत मिळणारा मोनोटाइप गॅरामॉन्ड मुळात सोळाव्या शतकातल्या क्लोद गॅरामॉन्डचा नाहीच, तो सतराव्या शतकातल्या जाँ जॅनाँ या फ्रेंच मुद्रकाच्या टाइपवर बेतलेला आहे. हा घोळ १९२६ साली मुद्राक्षरांच्या अभ्यासक बिअट्रिस वॉर्ड यांनी उघड केला. आयटीसी गॅरामॉन्डची एक्स-हाइट (लहान x अक्षराची उंची) इतकी मोठी की त्याच पॉइंटात तो अडोबी गॅरामॉन्डपेक्षा कितीतरी मोठा दिसतो. म्हणून तुलना करताना मी पॉइंट नाही, एक्स-हाइट सारखी करून घेते.

टाइम्स न्यू रोमन १९३२ साली वर्तमानपत्रात आला, अरुंद कॉलमसाठी. पुस्तकाच्या लांब ओळीत मला तो दाटीवाटीचा वाटतो. स्क्रीनसाठी काढलेला जॉर्जिया वाचायला फार सुखाचा, पण त्याचे आकडे ओळीच्या वरखाली जातात. परिच्छेदात ते शोभतात, तक्त्यात नाही.

आता मी लेखातला सगळ्यात अवघड परिच्छेद घेते. आकडे, अवतरणं, इटॅलिक सगळं असलेला. तो तीन फॉन्टांत लावून, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर छापून, दुसऱ्या दिवशी सलग वाचते. इटॅलिककडे विशेष लक्ष देते, कारण मुलाखतीतले प्रश्न पुष्कळदा त्यातच असतात आणि वाचकाला ते पानोपानी वाचायचे असतात. तिथे नजर अडखळली तर रोमन, म्हणजे सरळ अक्षर कितीही सुंदर असो, मी तो फॉन्ट बाजूला ठेवते.