नेत्याची बोटं बघा, बाकी सोडा

राजकारण समजून घ्यायचंय ना, मग पहिलं काम म्हणजे टीव्हीचा आवाज बंद करा. नेता काय बोलतोय हे ऐकत बसलात तर आयुष्यभर आमच्यासारखेच राहणार. बोटं बघा बोटं. अंगठा कुठंय, तर्जनी कशाला चिकटलीय, अंगठीत पुष्कराज आहे का नीलम, मनगटावरचा धागा लाल का काळा, आणि काल काळा होता तर आज लाल का झाला. आमच्या गिरगावच्या चाळीतले दुसऱ्या माळ्यावरचे काका रिटायर झाल्यापासून हाच अभ्यास करतायत, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाला टेकलेला, दोन बोटांनी फोटो एवढा मोठा करायचा की नेत्याच्या जागी नुसते चौकोन चौकोन दिसायला लागतात, आणि मग म्हणायचं, दिसलं? नाही दिसलं म्हणालात तर तुम्ही अजून झोपलेले आहात.

सुरुवात परदेशातून करा, तिकडचं कोणी तपासायला जात नाही. जर्मनीच्या मर्केलबाई, २००५ ते २०२१ सोळा वर्षं चॅन्सेलर, फोटोला उभ्या राहिल्या की पोटासमोर दोन्ही हातांची बोटं बोटांना टेकवायच्या. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडायचा म्हणून अशी सवय लागली हे त्यांनी स्वतः सांगितलंय. २०१३ च्या निवडणुकीत तर त्यांच्या पक्षाने बर्लिनच्या मेन स्टेशनजवळ नुसत्या त्या हातांचंच अवाढव्य पोस्टर लावलं होतं. काकांनी मला फोटो दाखवला, म्हणाले बघ, उघडउघड इल्युमिनाटी, ती जग चालवणारी गुप्त संघटना. मी म्हटलं काका मला तर शंकरपाळं दिसतंय. ते शांतपणे म्हणाले, "तेच तर." ह्या उत्तरावर तुम्ही काय बोलणार? हे पाठ करून ठेवा, कुठेही चालतं.

मग बुश. जानेवारी २००५ मध्ये दुसऱ्या टर्मच्या शपथेच्या कार्यक्रमात त्यांनी तर्जनी आणि करंगळी वर केली. ती टेक्सासच्या युनिव्हर्सिटीची खूण, लांब शिंगांचा बैल. नॉर्वेत लोक हबकले कारण तिकडे ती सैतानाची खूण समजतात. आमच्या गल्लीत भरतनाट्यमचा क्लास आहे, तिथल्या सहा-सात वर्षांच्या पोरी दर मंगळवारी जवळपास तीच बोटं करतात, त्याला सिंहमुख म्हणतात. एकच हात, टेक्सासात बैल, नॉर्वेत सैतान, गिरगावात सिंह. ह्यातून काय ते समजून घ्या, म्हणजे काय ते मलाही माहीत नाही, पण असं म्हटलं की समोरचा गप्प बसतो.

आणि तो चमकणारा गोळा विसरू नका. मे २०१७, रियाध, ट्रम्प, सौदीचे राजे सलमान आणि इजिप्तचे सिसी अंधाऱ्या हॉलमध्ये एका उजेडाच्या गोळ्यावर हात ठेवून उभे. पृथ्वीचा गोल होता तो, अतिरेकी विचारांच्या विरोधातल्या एका केंद्राचं उद्घाटन चाललं होतं. पण फोटो असा आला की अमेरिकेतल्या त्या चर्च ऑफ सेटनला ट्विट करून खुलासा करावा लागला की हा सैतानी विधी नाहीये. सैतानाच्या नावाने दुकान चालवणारे स्वतः म्हणतायत बाबांनो आमचा काही संबंध नाही, तरी ऐकायचं नाही. खुलासा आला म्हणजेच पाणी मुरतंय.

इल्युमिनाटीचं एक सांगून ठेवतो. खरी संघटना होती, जर्मनीतल्या बव्हेरियात, स्थापना १ मे १७७६, आणि दहा वर्षांच्या आत सरकारने बंदी घालून गुंडाळली पण. १ मे ही तारीख मी काकांना अजून सांगितलेली नाही. सांगितली तर शिवाजी पार्कवरच्या महाराष्ट्र दिनाच्या परेडचं काही खरं नाही.

आता घरी या. ८ ऑक्टोबर २०१९, दसरा, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह फ्रान्समध्ये पहिलं राफेल ताब्यात घ्यायला गेले, विमानावर ओम काढला, नारळ ठेवला आणि चाकाखाली लिंबं. झालं, पुढचे कित्येक दिवस अख्खा देश लिंबावर. अर्धे म्हणतात लाज आणली, अर्धे म्हणतात संस्कृती आहे, आमच्या ग्रुपवर दोन सख्खे साडू एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते अजून बोलत नाहीत. आता त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या ३६ विमानांच्या खरेदीवर कॅगचा रिपोर्ट संसदेत आला होता आणि त्यात किमतीचे आकडे झाकलेले होते, हे काढू नका हां मध्येच. झाकलेल्या आकड्यात काय बघणार, तिथे झूम करून काही दिसत नाही. लिंबू कसं छान पिवळंधमक, समोर ठेवलेलं, कोणालाही कळतं, एचडीमध्ये.

नवी संसद घ्या, २८ मे २०२३ ला उद्घाटन झालं. जुनी १९२७ ची गोल, नवी त्रिकोणी. त्रिकोण! डॉलरच्या नोटेवर १९३५ पासून पिरॅमिड आणि त्यावर डोळा, तेरा पायऱ्या, काकांच्या मते तीच इल्युमिनाटीची खूण, आणि इकडे आपली संसद त्रिकोणी, अजून काय पुरावा पाहिजे. (त्या तेरा पायऱ्या म्हणजे सुरुवातीची तेरा राज्यं, असली फालतू माहिती मध्ये आणू नका.) मी काकांना म्हटलं अहो प्लॉटच त्रिकोणी होता म्हणून बिल्डिंग त्रिकोणी केली असं सांगतात. काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आणि प्लॉट त्रिकोणी कोणी केला?"

पण खरी मजा मुंबईत, आणि त्यातही मलबार हिलला. फेब्रुवारी २०२५ आठवतो ना? मुख्यमंत्री अजून वर्षा बंगल्यावर राहायला का जात नाहीत ह्यावर चर्चा, आणि संजय राऊत म्हणाले की गुवाहाटीच्या कामाख्याला बळी दिलेल्या रेड्यांची शिंगं वर्षाच्या आवारात पुरल्याचं बोललं जातंय. फडणवीस म्हणाले मुलीची दहावीची परीक्षा आहे, ती झाली की जाणार. आता तुम्हीच बघा, एका बाजूला गुवाहाटी, रेडा, शिंगं, मध्यरात्री खणलेलं लॉन, आणि दुसऱ्या बाजूला दहावीची परीक्षा. ज्याच्या घरात कधी दहावीचं पोरगं होतं त्याला माहितीय की त्या वर्षी सोफा पण हलवत नाहीत, पण तरी शिंगंच निवडा. माझ्या बायकोने ती बातमी ऐकून एवढंच विचारलं की खड्डा खणला तर माळ्याला कळलं नाही का? असल्या बाईला ग्रुपमध्ये घेऊ नका.

मंत्रालयात सहाव्या मजल्यावर ६०२ नंबरचं दालन आहे. ज्याला मिळतं त्याची खुर्ची जाते असं बोलतात आणि नवीन सरकार आलं की ते कोण घेणार ह्याची बातमी येते म्हणजे येतेच. ह्यावर भरपूर बोला. २१ जून २०१२ ला त्याच मंत्रालयाचे वरचे मजले जळले, पाच माणसं गेली, फायलींचे ढिगारे राख झाले, त्यावर काय बोलणार, त्यात दालन नंबर वगैरे काही इंटरेस्टिंग नाही.

मुहूर्ताचं पण बघत जा. २३ नोव्हेंबर २०१९, राष्ट्रपती राजवट उठवली पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी आणि आपण दूध आणायला निघेपर्यंत राजभवनात शपथ झालेली. काकांनी तेव्हा पंचांग उघडून सिद्ध केलं होतं की वेळ अशी साधलीय की सरकार हलत नाही. ऐंशी तासांत पडलं. मग त्यांनी तेच पंचांग उघडून सिद्ध केलं की पडणारच होतं. ह्याला म्हणतात व्यासंग.

कधीतरी कोणी आगाऊ पोरगं विचारेल की महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे ना. आहे, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला, ज्या माणसाने त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले त्याला तो बघायला मिळाला नाही. आणि आज त्याच राज्यात मोठमोठी माणसं माईकसमोर उभं राहून रेड्याच्या शिंगांवर बोलतात. पोराला म्हणा तू अभ्यास कर.

आता एक गंमत. मला वाटलं काकांना गुप्तविद्येत एवढा रस आहे तर खरंखुरं काहीतरी देऊ. म्हणून एका संध्याकाळी सांगायला बसलो. फोर्टमध्ये स्टर्लिंग थिएटरजवळ फ्रीमेसन्स हॉल आहे, फ्रीमेसन म्हणजे गुप्त खुणा आणि विधीवाली जुनी संघटना, दगडी बिल्डिंग, फुटपाथवरून चालता चालता दिसते. काकांनी त्या भागात तिकिटासाठी रांगा लावल्यात पण मान वर करून बघितलेलं नाही. विवेकानंद कलकत्त्यात १८८४ मध्ये फ्रीमेसन झाले होते. त्याहून भारी म्हणजे मॅडम ब्लाव्हाट्स्की, थिऑसॉफी नावाच्या गूढविद्येच्या पंथवाल्या, १८७९ मध्ये बोटीने मुंबईत उतरल्या आणि राहिल्या कुठे तर आपल्या गिरगावात! हिमालयातल्या महात्म्यांची पत्रं हवेतून पडतात असा त्यांचा दावा, आणि त्या पत्रांच्या नादाला लागलेले एक साहेब म्हणजे अॅलन ह्यूम. तेच ह्यूम ज्यांनी पुढे १८८५ मध्ये काँग्रेस काढली. पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं, तिकडे कॉलरा आला म्हणून गवालिया टँकजवळ गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलं, ७२ प्रतिनिधी. म्हणजे अदृश्य महात्मे, गूढ पत्रं आणि देशाचा सगळ्यात जुना मोठा पक्ष, सगळं आपल्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि सगळं छापील, लायब्ररीत मिळतं.

काकांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "फोटो आहे का ह्यूमच्या बोटांचा?"

मी म्हटलं नाही.

"मग राहू दे."

हे जमलं की तुमचं शिक्षण पूर्ण झालं समजा. प्रॅक्टिकल काय असतं ते आमच्या चाळीचं सांगतो. चाळ पाडून नवी इमारत बांधायची ठरलेली, एका रविवारी बिल्डरच्या करारनाम्याचा ड्राफ्ट वाचायला संध्याकाळी सात वाजता अंगणात मीटिंग होती आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी गेटसमोर लिंबू सापडलं. कुंकू, फुटलेल्या नारळाची करवंटी आणि लिंबू. आमच्याकडे शनिवारी टोपलीवाला येतो तो एक लिंबू सात मिरच्या ओवून आणतो, खाली बिबा, दुकानावरचं जुनं काढून रस्त्यावर टाकतो आणि नवीन टांगतो, त्यातलं हे नव्हतं, हे वेगळं होतं. काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. बत्तीस फोटो काढले. संध्याकाळपर्यंत बिल्डरने करणी केली असा एक गट, पागडीवाल्या मालकाने केली असा दुसरा, आणि माझे वडील म्हणत होते की आधी अमावस्या कधी आहे ते बघा.

मीटिंगला दोन तास तेच. काका मधे उभे, मोबाईल हातोहात फिरतोय, झूम कर झूम कर. बिल्डरचा माणूस कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मान खाली घालून, आम्हाला वाटलं घाबरला. साडेनऊला सेक्रेटरी म्हणाले, "अहो मंडळी, ड्राफ्ट तेवढा वाचून टाकू का, मला सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे," आणि त्यांनी एकवीस पानं अकरा मिनिटांत वाचली. हात वर करा, केले. त्यात कुठेतरी चौदाव्या पानावर होतं की इमारत ३६ महिन्यांत आणि तोवर बाहेर राहायचं भाडं बिल्डर देणार २४ महिने. ऐकलं कोणीच नाही, मीही नाही, कारण मी तेव्हा फोटो क्रमांक एकोणीस बघत होतो.

लिंबाचं मला नंतर कळलं, सामान हलवताना. पहिल्या माळ्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "भावजी, ते माझ्या भावाने नवीन टॅक्सी घेतली होती ना, चाकाखालचं होतं हो. मीटिंगमध्ये सगळे एवढे तापलेले, मी म्हटलं कशाला बोला." मी घरी येऊन फोटो पुन्हा उघडला. लिंबू पार चपटं झालेलं, आणि कुंकवात टायरची नक्षी, अशी स्वच्छ की कंपनीचं नाव तेवढं वाचायचं बाकी होतं.

आम्ही आता दहिसरला भाड्याने आहोत. पंचविसावा महिना चालू आहे. इथेही शनिवारी एक टोपलीवाला येतो, गेल्या खेपेला मी दहा रुपयांचं घेतलं तर मिरच्या सहाच. विचारलं तर म्हणाला, "मिरची महाग झाली साहेब." ठीक आहे. पण सहा. मी फोटो काढून काकांना पाठवलाय, ते टाईप करतायत असं दिसतंय मगासपासून.