डोंबिवलीत घरं वाढतायत, कामाच्या जागा कुठे आहेत?

डोंबिवलीत हल्ली ओळखीचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "तुमची बिल्डिंग गेली का रिडेव्हलपमेंटला?" दुसरा प्रश्न, "बिल्डर वाढीव जागा किती टक्के देतोय?" आणि तिसरा, "नवं घर होईपर्यंत भाडं किती?" चौथा प्रश्न, वाढलेली ही माणसं कामाला जाणार कुठे, कोणीच विचारत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगून टाकते. जुन्या इमारती पाडून नव्या व्हायलाच हव्यात. पण शहरात राहणारी माणसं दुप्पट-तिप्पट करायची आणि कामाच्या जागा होत्या तेवढ्याच ठेवायच्या, हा वेडेपणा आहे. आणि या शहरात कामाच्या जागा वाढवायला जी एकच मोठी जमीन उरली आहे, ती एमआयडीसीची, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीची.

आधी रिडेव्हलपमेंटबद्दल. टिळकनगर, रामनगर, फडके रोडच्या मागच्या गल्ल्या, पश्चिमेला गुप्ते रोड, सुभाष रोड इथल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तळमजला अधिक तीन मजली इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दवाखान्यात जायचं असेल तेव्हाच खाली उतरतात. मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. स्लॅबचं प्लॅस्टर पडतं, गच्चीला दरवर्षी डांबर, वर्गणी काढून काढून लोक थकलेत. या लोकांना "थांबा, आधी शहराचं नियोजन होऊ दे" असं सांगायची माझी हिंमत नाही.

पण आमच्या सोसायटीच्या सभा मी बसून ऐकल्या आहेत. सेव्हन्टीनाइन-एची (सहकार कायद्यातल्या रिडेव्हलपमेंटच्या नियमांची) प्रक्रिया, पीएमसी म्हणजे सोसायटीचा सल्लागार कोण, कन्व्हेयन्स होऊन जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, बिल्डर देणार तो कॉर्पस निधी किती, ५१ टक्के संमती कशी जमवायची, सगळं रीतसर. दोन तास चर्चा. त्यातला पाऊण तास बाथरूमच्या टाइल्सवर. आपल्या सोळा बिऱ्हाडांच्या जागी पन्नास येणार, तर त्यांचं सांडपाणी ज्या गटारात जाणार ते गटार केवढं आहे, हे एकानेही विचारलं नाही. बिल्डर तरी का सांगेल? त्याचा संबंध प्लॉटच्या कुंपणाच्या आत. सोसायटीचाही तेवढाच. कुंपणाबाहेरचं कोणाचं, हे सभेच्या इतिवृत्तात कुठेच येत नाही.

आता थोडं रुक्ष, पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच विकास नियमावली लागू झाली, यूडीसीपीआर. तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१. रस्ता नऊ मीटर किंवा जास्त असेल तर त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय आणि वर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचे विकत घेतलेले बांधकाम हक्क. रस्ता जितका रुंद तितका टीडीआर जास्त. नऊ मीटरच्या आत असाल तर हे जादा काही नाही. कल्पना चांगली आहे. जिथे रस्ता पेलू शकतो तिथेच उंच इमारत.

फक्त डोंबिवलीच्या जुन्या गल्ल्या सहा-सात मीटरच्या. मग सोसायटी आपल्या पुढची थोडी जागा रस्त्याला सोडते आणि कागदावर रस्ता नऊ मीटरचा होतो. प्रत्यक्षात काय होतं ते चालत जाऊन बघा. एक इमारत दीड मीटर मागे, शेजारची अजून जुनी म्हणून पुढे, पलीकडची पुन्हा मागे. सोडलेल्या त्या तुकड्यात स्कूटर, वडापावची गाडी आणि ट्रान्सफॉर्मर. गल्लीतल्या सगळ्या इमारती पडेपर्यंत, म्हणजे पंचवीस-तीस वर्षं, गाड्या जातात ती वाट होती तेवढीच राहणार. एफएसआय मात्र आज मिळाला, फ्लॅट आज विकले गेले. पुण्यातही २०२० च्या सुमारास तीनशेहून अधिक सहा मीटरी रस्ते नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावावरून रान उठलं होतं. कारण हेच होतं.

यावर उपाय नाही असं नाही. दोन-चार शेजारच्या सोसायट्यांनी एकत्र यायचं. चार छोट्या प्लॉटचा एक मोठा प्लॉट झाला की रस्ता सलग सोडता येतो, पार्किंग तळघरात जातं, मधे थोडं अंगण उरतं, आणि बिल्डरशी बोलताना वजनही येतं. अडचण एकच: शेजारची सोसायटी. एकाच गल्लीत चाळीस वर्षं राहून ज्यांचं नळाच्या पाण्यावरून पटलं नाही, ते आता करारावर सह्या कशा करणार? म्हणून हे लोकांच्या सद्बुद्धीवर सोडून चालणार नाही. एकत्र येणाऱ्यांना प्रीमियममध्ये घसघशीत सवलत आणि एकट्याने जाणाऱ्याला नाही, असा साधा व्यवहार महापालिकेने आणि सरकारने ठेवला तर सह्या आपोआप होतील. आपण डोंबिवलीकर सवलत सोडत नाही.

बरं, समजा रस्ते झाले, गटारं झाली, पाणीही आलं. वाढलेली ही सगळी माणसं सकाळी जाणार कुठे?

स्टेशनवर.

१८८७ पासून हे गाव या स्टेशनाभोवतीच वाढलं आहे. पूर्वेची प्रत्येक रिक्षा शेवटी त्याच चार चौकांत येते, आणि बाजीप्रभू चौकात निवासी विभागाच्या बसची रांग वळसा घेऊन उभी असते. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख ४७ हजार होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. आज इथे नेमके किती लोक राहतात हे ठाऊक नसताना पुढच्या वीस वर्षांचे आकडे मांडले जातात. फलाटावर उभं राहणाऱ्याला आकडा लागत नाही, म्हणा. तो कोपरानेच मोजतो.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांवर आदळून रुळांवर पडली, काही जिवानिशी गेली. त्यानंतर आपोआप बंद होणारे दरवाजे, जास्त फेऱ्या, पंधरा डबे अशी चर्चा झाली. यातलं सगळं करा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झालीच की, आणि तिला किती वर्षं लागली हे आपल्याला ठाऊक आहे. पण रेल्वे कितीही वाढवली तरी सकाळी सगळे एकाच दिशेला जाणार आणि संध्याकाळी सगळे उलट, हे बदलत नाही. सकाळी कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या बघा. बसायला जागा असते, आणि त्या जागेवर निम्मे लोक "रिटर्न" मारणारे असतात, म्हणजे परतीच्या गाडीत जागा मिळावी म्हणून आधी उलटे जाणारे. म्हणजे आपल्याकडे गाड्यांची क्षमता आहे, ती उलट्या दिशेला रिकामी धावते. ती भरायची असेल तर लोकांना सकाळी डोंबिवलीत उतरण्यासाठी काहीतरी कारण हवं.

"कंपन्या डोंबिवलीत कशाला येतील?" हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. ऐरोलीला कशाला आल्या, सांगा. ठाणे-बेलापूर रस्ता तीस वर्षांपूर्वी वासाने ओळखू यायचा, तिथे रसायनांचे कारखाने होते. आज त्याच पट्ट्यात आयटी पार्क आहेत आणि आपल्या घरातली मुलं ठाण्याला गाडी बदलून तिथे जातात. माझी मुलगीही जाते. ठाण्याच्या वागळे इस्टेटचंही तेच. एमआयडीसीची ती पहिली वसाहत, आज तिथे ऑफिसं भरली आहेत. वांद्र्याचं बीकेसी तर दलदलीवर उभं केलं. कंपन्या आपणहून येत नाहीत, जागा आधी राखून ठेवावी लागते. आणि डोंबिवलीत माणसं आहेतच. लेखापाल, इंजिनियर, बँकेतले, कोडिंगवाले. घरी लहान मूल आणि म्हातारे सासू-सासरे, म्हणून ज्यांनी नोकरी सोडली त्या शिकलेल्या बायका माझ्या एका मजल्यावर तीन आहेत. पंधरा मिनिटांवर ऑफिस असतं तर त्यांतली एकही घरी बसली नसती.

म्हणून एमआयडीसी. साठच्या दशकात ही वसाहत झाली तेव्हा ती गावाबाहेर होती. आज घरं तिच्या कुंपणाला टेकली आहेत. प्रदूषणामुळे पडलेला २०१४ चा हिरवा पाऊस आठवतो, रसायनांनी रंगलेला २०२० चा गुलाबी रस्ता आठवतो. मे २०१६ मध्ये प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, मे २०२४ मध्ये अमुदान कंपनीत. दोन्ही वेळा माणसं मेली, दोन्ही वेळा कितीतरी लांबपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. धोकादायक कारखाने रायगडमधल्या पाताळगंगेला हलवायचे, असं सरकारने २०२२ मध्येच ठरवलं होतं. दीडशेहून अधिक कारखान्यांची यादीही निघाली. ते हलायलाच हवेत. तिथले कामगार आणि छोटे कारखानदार यांचं काय हा खरा प्रश्न आहे, आणि हलवण्याचा खर्च कोण देणार हे ठरल्याशिवाय कोणी हलणार नाही हेही खरं.

पण माझी धास्ती त्याच्या पुढची आहे. कारखाना गेला की त्या जागेवर काय येणार? आपल्या भागात उत्तर ठरलेलं असतं. मुंबईच्या गिरणगावात बंद गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं सगळ्यांना माहीत आहे. २००१ मध्ये नियम बदलला आणि गिरण्यांच्या जमिनीतला शहराच्या वाट्याला येणारा हिस्सा आक्रसून गेला. ठाण्यात पोखरण रोडला, कोलशेतला, बाळकुमला कारखान्यांच्या जागी निवासी संकुलं उभी राहिली. तिथले रहिवासी रोज सकाळी घोडबंदर रोडवर काय भोगतात ते त्यांनाच विचारा. घर विकून पैसा लगेच मिळतो, ऑफिसच्या भाड्याला वर्षं लागतात. मालकाच्या जागी मी असते तर मीही घरंच बांधली असती, खोटं कशाला बोलू?

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. एमआयडीसीचे भूखंड विकलेले नसतात, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. जमीन अजून सरकारी महामंडळाची आहे. वापर काय असावा हे ठरवण्याचा अधिकार कागदावर तरी पूर्ण आहे. मुंबईतल्या बहुतेक खासगी गिरण्यांच्या बाबतीत ही सोय नव्हती. रिकाम्या होणाऱ्या भूखंडांवर निवासी वापर नाही, फक्त ऑफिस, प्रदूषण न करणारे उद्योग, प्रशिक्षण संस्था, एक मोठं रुग्णालय, एवढं एकदा लिहून टाकावं. तेही आजच, पहिला कारखाना हलायच्या आधी. नंतर प्रत्येक भूखंडामागे एक अर्ज आणि प्रत्येक अर्जामागे एक शिफारस उभी राहील.

काही जण म्हणतील, त्यासाठी कल्याण ग्रोथ सेंटर आहे ना. आहे, कागदावर सुंदर आहे. निळजे, घेसर, हेदुटणे, भोपर वगैरे दहा गावांची हजारेक हेक्टर जमीन एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाच्या, हाती नियोजनासाठी. पण तिथली जमीन गावकऱ्यांची आहे, त्यांचा विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्या २७ गावांना १९८३ मध्ये महापालिकेत घेतलं, २००२ मध्ये बाहेर काढलं, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतलं आणि २०२० मध्ये त्यांतली १८ परत वेगळी करायला निघाले (ते कोर्टाने रद्द केलं), त्या गावांनी आणखी एका आराखड्यावर विश्वास का ठेवावा? तोवर त्याच पट्ट्यात मोठमोठी खाजगी संकुलं उभी राहिली आणि शिळफाट्याच्या रस्त्याची काय अवस्था आहे ते मी वेगळं सांगत नाही.

कल्याण-तळोजा मेट्रो १२ चं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. तिच्या मार्गावर डोंबिवली एमआयडीसी हे स्थानक आहे, पण डोंबिवली रेल्वे स्टेशनला ती शिवतही नाही. म्हणजे स्टेशन आणि एमआयडीसी यांच्यामधलं दोन-तीन किलोमीटर अंतर कसं कापायचं हे आत्ताच ठरवायला हवं. बससाठी राखीव मार्गिका असलेला एक सरळ रस्ता, वर सावली असलेला फुटपाथ. आणि स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत हा उच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश आहे, तर त्यांना बसायला पक्की मंडई बांधून द्यायची. रोज पालिकेची गाडी येणार, माल उचलणार, अर्ध्या तासात ते परत बसणार, हा खेळ किती वर्षं बघायचा?

बेकायदा बांधकामांवर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल. बेकायदा बांधकामांची चौकशी करणाऱ्या अग्यार समितीने मोजलेली ६८ हजारांच्या आसपासची बांधकामं आणि बनावट कागदपत्रांवर रेरा (बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामक प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती, एवढंच आठवण म्हणून. त्या इमारतींत आयुष्याची कमाई घातलेल्या लोकांबद्दल बोलताना जीभ जड होते.

आता कामाचं. तुमच्या माहितीत डोंबिवलीत, ठाण्यात, मुलुंडला कुठेही दोन किंवा जास्त सोसायट्यांनी मिळून एकत्र रिडेव्हलपमेंट केली असेल तर खाली लिहा: संमती कशी जमली, वेगवेगळ्या कार्पेट एरियाचा (घराच्या आतल्या क्षेत्रफळाचा) हिशोब कसा बसवला, कुठे अडलं. आमच्या गल्लीत तीन सोसायट्यांच्या कमिट्या पुढच्या रविवारी पहिल्यांदाच एकत्र बसणार आहेत. नळाच्या पाण्याचा विषय काढायचा नाही, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय.